अर्धी बादली

“म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही,” भाऊ तिसऱ्यांदा म्हणाला. पहिल्या दोन वेळा तो प्रश्न होता. या वेळी नव्हता.

डॉक्टरीणबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. भावापेक्षा दहाएक वर्षांनी तरी लहान असतील, पण त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. डाव्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते, मुठीएवढी, रक्तानं भरलेली. ती फाटलीय. पोटात रक्त साचलंय, पण आता ते वाहायचं थांबलंय असं दिसतंय. नाडी ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे. तेव्हा पोट उघडायचं नाही, लक्ष ठेवायचं. काही बिघडलंच तर ऑपरेशनची खोली याच मजल्यावर आहे.

“फाटलंय म्हणता, आणि शिवत नाही म्हणता.”

“तिथे टाका नीट धरत नाही हो. बऱ्याचदा शिवायला गेलं की आणखी फाटतं, मग काढूनच टाकावी लागते. आणि काढली की पुढे जन्मभर साध्या तापालाही भ्यायचं. आपली आपण भरून येतेय, तर येऊ द्यावी.”

भावानं फोन उंच धरून दाखवला. सकाळपासून नातेवाईक विचारताहेत, ऑपरेशन कधी, कोण करणार, किती वेळ चालणार. त्यांना काय सांगू? डॉक्टर नुसते बघत बसलेत म्हणून सांगू?

“हो. तेच सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भाऊ पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बिघडलेली वस्तू उघडल्यावाचून दुरुस्त होते, हे त्याच्या आजवरच्या अनुभवात कुठे बसत नव्हतं. तो चिडला होता त्यात काळजीही होती, पण ती चिडण्याच्या खाली इतकी दबलेली होती की शोधून काढावी लागली असती. भावजय खिडकीशी उभी राहून एकच गोष्ट विचारायची वाट बघत होती. घरी कधी सोडणार? सासूबाईंना शेजारणीच्या भरवशावर ठेवून आलो आहोत, आणि शेजारीण म्हणजे शेजारीणच, तिला तिचं घर आहे.

खाटेवर ताई पडली होती. ही सगळी बोलणी तिच्या पोटाबद्दल, तिच्या पोटावरून, या बाजूकडून त्या बाजूला चालली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तिनंही मध्ये तोंड घातलं नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाईच तिच्याकडे वळल्या आणि तुम्हाला काय वाटतं म्हणून विचारलं.

ताईनं जरा विचार केला. “राहू दे,” ती म्हणाली. “हात लावू नका.”

भाऊ म्हणाला, हिला काय कळतंय, हिला गुंगी आहे.

गुंगी नव्हती. कापडातलं तिला कळत होतं, आणि पोटाचाही ती कापडासारखाच विचार करत होती. ताईचा धंदा रफूचा. कचेऱ्यांच्या एका जुन्या इमारतीत जिन्याखाली तिची जागा होती. एक टेबल, एक वाकवता येणारा दिवा, एक भिंग आणि दोऱ्यांचे डबे. सिगारेटनं भोक पडलेले कोट, कसरीनं खाल्लेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी लोक तिच्याकडे आणत. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढी आणि भोकाच्या जागी उभे-आडवे विणत बसे. कपडा परत घेताना गिऱ्हाईक तो उजेडात धरून भोक शोधे. सापडलं नाही की खूश होऊन जाई. पण कधीकधी एखादं इतकं जुनं रेशीम यायचं की सुईचं टोक टेकताच शेजारचा धागा तुटायचा. असं कापड ती परत करायची. ह्याला काही करू नका, सपाट घडी घालून ठेवून द्या, हलवू नका, असं सांगायची. गिऱ्हाइकं रागावून जायची. रफूवाली असून रफू करत नाही म्हणायची.

घर वडिलांचं होतं. वडील गेल्यावर त्यात आई, ताई, भाऊ आणि मग भावजय असे राहिले. ताईचं लग्न का झालं नाही याची घरात तीन-चार कारणं होती आणि ज्याला जे सोयीचं ते तो सांगे. ताई स्वतः काहीच सांगत नसे. चार वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू गेली. वाचा राहिली, आणि चांगलीच राहिली. जीभ होती त्याहून तिखट झाली असं भावजय म्हणायची, हळू आवाजात. तेव्हापासून आईला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर ताई उचलत होती. सकाळी दुकानात जाण्याआधी, दुपारी मुद्दाम घरी येऊन, आणि संध्याकाळी परत आल्यावर.

त्याची एक पद्धत बसली होती. ताई खाटेशी गुडघे टेकवून वाकायची, आई चांगला हात तिच्या मानेभोवती टाकायची, लुळा हात ताई स्वतः उचलून खांद्यावर ठेवायची. मग आई म्हणायची, “हं.” त्या हुंकारावर दोघी उठायच्या. आईचं डोकं क्षणभर ताईच्या डाव्या खांद्यावर टेकायचं, मग गिरकी, मग खुर्ची. आईला दुसऱ्या कुणाचे हात चालत नसत. भावजयीनं धरलं की ती लाकडासारखी ताठ व्हायची आणि भावानं धरलं की लाजायची. “ताईच्या हाताला सवय आहे माझी,” असं सांगायची, आणि ते ऐकून भाऊ-भावजयीच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायची, ती ताईला चार वर्षं दिसत होती.

अपघातही आईपायीच झाला, पण तसं घरात कुणी बोलत नव्हतं. व्यायामाच्या दवाखान्यातून आईला चाकाच्या खुर्चीत घेऊन ताई बाहेर पडली. दारासमोर उतार. दाराची कडी लावायला म्हणून तिनं खुर्चीचा ब्रेक ओढून क्षणभर हात सोडला. ब्रेक धरला नाही. खुर्ची आईला घेऊन रस्त्याकडे निघाली. ताई धावली, खुर्चीच्या पुढे गेली आणि अंगानं ती अडवली. पाठीशी दिव्याचा खांब होता. खुर्चीचा हात डाव्या बरगड्यांखाली घुसला. खुर्ची थांबली. आईला ओरखडाही आला नाही.

“अगं, केवढा धक्का बसला मला,” आई म्हणाली.

ताईनं तिला घरी आणलं, खाटेवर ठेवलं, चहा केला. संध्याकाळी चहाच्याच कपबशा विसळताना तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि ती मोरीत बसली ती बसलीच.

दवाखान्यात पहिले काही दिवस तिला पाण्याचा घोटही मोजून मिळत होता. हलायचं नाही, उठायचं नाही, कुशीवर वळायचं तरी सांगून. सिस्टर थोड्या थोड्या वेळानं येत. हाताला पट्टा बांधून रक्तदाब घेत, मनगट धरत, पोटावर तळवा दाबून विचारत, दुखतंय का, इथे दुखतंय का, मघापेक्षा जास्त का कमी. एक थोराड सिस्टर तिच्या पोटाचा घेर टेपनं मापायची, फुगत तर नाही ना ते बघायला. टेप शिंप्याचाच होता. ताईनं पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा तिला हसू आलं आणि हसताना कळ आली.

“हसायचं नाही,” सिस्टर म्हणाली. “हसायचं असेल तर घरी जाऊन हसा.”

“घरी कुठलं हसायला,” ताई म्हणाली.

सिस्टरनं टेप गुंडाळत तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि घेर लिहून घेतला.

औषध म्हणावं असं फारसं काही नव्हतं. सलाईन, रक्त तपासायला टोचलेली सुई, आणि ही सतत विचारपूस. तरी ताईला काही वेळानं कळलं की आपण सिस्टरची वाट बघतोय. दुखण्यासाठी नाही, विचारण्यासाठी. तुला कसं वाटतंय, हा प्रश्न तिला शेवटचा कुणी विचारला होता ते तिनं आठवून पाहिलं. दुकानात लोक विचारत, कधी मिळेल? घरात विचारत, आलीस का? तिनं इतकी वर्षं त्यात काही उणं आहे असं मानलं नव्हतं. आता खाटेवर सपाट पडल्या पडल्या छताकडे बघताना ते उणं तिला स्पष्ट दिसायला लागलं. भिंगाखाली धरल्यावर कापड दिसतं तसं.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिचं पित्ताशय काढलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पोटावरची पट्टी दाखवायची. माणसं चुकचुकायची, फळं ठेवायची, जवळ बसायची. ताईला भेटायला लांबची दोन-चार माणसं येऊन गेली. तीही आधी पट्टी शोधत. चादरीवरून नजर फिरवत, कुठे काही बांधलेलं दिसत नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे सैल होत. एक मावसबहीण म्हणाली, “बाई, मला वाटलं काय झालं नि काय नाही. नशीब, ऑपरेशनवर गेलं नाही. म्हणजे काहीच नाही म्हणायचं.” आणि तिनं पित्ताशयवाल्या बाईला विचारलं, तुमचे टाके कधी काढणार.

ताईला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी भावाला आणि भावजयीला समोर बसवून सांगितलं. आत खपली धरल्यासारखं झालंय. ती पक्की व्हायला तीन महिने. तोवर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, वाकून जोर लावायचा नाही. चालायचं, फिरायचं, बसून काम करायचं. चक्कर आली किंवा पोट दुखलं तर लगेच या. डावा खांदा दुखला तरी या.

“खांदा?” भाऊ म्हणाला. “दुखणं पोटात ना?”

पोटात रक्त झालं की कधीकधी कळ खांद्यात निघते, असं त्यांनी सांगितलं. भावानं मान डोलावली, पण बाहेर आल्यावर भावजयीला म्हणाला, ह्यांचं काही खरं नाही, उद्या म्हणतील नाक खाजलं तरी या.

पहिला आठवडा घर शहाण्यासारखं वागलं. भावजय सकाळी आईला उचलायची. ती एका शाळेच्या कचेरीत टंकलेखक होती, दिवसभर खुर्चीत बसून तिची कंबर आधीच धरलेली असायची. आई ताठ व्हायची, लुळा पाय मध्येच अडकवायची आणि नेमक्या गिरकीच्या वेळी म्हणायची, पडले, पडले. भावजय घामाघूम होऊन ताईकडे बघायची. तोंडानं काही बोलायची नाही. एकदाच बोलली, आणि तेही भांड्यांकडे तोंड करून. “माझी कंबर गेली तर त्यालाही नुसतं बघतच बसायचं का?”

ते खोटं नव्हतं.

मग भावानं तोडगा काढला. टाकीत पाणी किती आहे ते कळावं म्हणून तो गिऱ्हाइकांच्या टाक्यांवर रंगानं रेघ मारून द्यायचा. एका रविवारी तो लाल रंगाचा डबा घेऊन बसला आणि घरातल्या बादल्यांवर त्यानं मधोमध रेघा मारल्या. रेघेपर्यंत पाणी म्हणजे ताईची बादली. मोठ्या पातेल्यावर रेघ मारली, पाण्याच्या पिंपावर मारली, बाजाराच्या पिशवीवरसुद्धा मारली. भावजयीनं विचारलं, पिशवीत काय पाणी भरायचंय का? तो म्हणाला, अंदाज येतो. त्याला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं. ताईलाही पहिल्या दिवशी बरं वाटलं. कुणीतरी तिच्यासाठी हातात ब्रश घेऊन बसलं होतं.

अर्ध्या बादल्यांचा परिणाम एवढाच झाला की ताई दुप्पट फेऱ्या मारू लागली. काम तेवढंच राहिलं. अर्धी बादली, अर्धी पिशवी, अर्धा धुण्याचा ढीग. घरात अर्धं हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. ताईला अर्धं चालतं, असं भावजय शेजारणीला सांगायची. जणू डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर तेच लिहून दिलं होतं. पाच किलोचं नाव कुणी काढेना. ताईनंही काढलं नाही. काढलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. टाका नव्हता, पट्टी नव्हती. आरशात बघितलं तर पोट पूर्वीचंच.

आई तर उघडच म्हणायची, “हिला झालंय काय? चालते, जेवते, दुकानात जाऊन बसते. आई तेवढी जड झाली.”

एका सकाळी आईनं भावजयीला हात लावू दिला नाही. खाटेवरच राहीन म्हणाली, ओल्यात राहीन, पण हिच्या हातून उठणार नाही. भावजयीला बस गाठायची होती. भाऊ दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आला, दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, त्यात काय, मी पाय धरतो, ताई खांदे धरेल. अर्धं अर्धं. हाडांचा सापळा झालाय तिचा, ताईच्या वाटेला कितीसं येणार?

पंपाची मोटर ज्या टोकाला असते ते टोक जड असतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण माणसाचा मध्य कमरेशी असतो, तेव्हा कमरेच्या वरचं अर्धं आणि खालचं अर्धं, असा त्यानं आईचा हिशेब केला. आणि ताईनं तो चालू दिला.

का चालू दिला, हे तिनं कुणाला सांगितलं नसतं. भावजयीची कंबर होती, बस चुकत होती, हे सगळं होतंच. पण आईनं चांगला हात उचलून तिच्या मानेभोवती टाकला, डोकं खांद्यावर टेकवलं आणि म्हणाली, “हं.” दवाखान्यात गेल्यापासून ताईला कुणी मिठीत घेतलं नव्हतं. खरं म्हणजे त्याआधीही चार वर्षांत दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं. दिवसातून तीन वेळा खाट ते खुर्ची, एवढाच काय तो कुणाचा हात तिच्या गळ्यात पडायचा. तो परत मिळाला तेव्हा, वजन किती आहे, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

मग ते रोजचंच झालं. सकाळी भाऊ पाय धरायचा. संध्याकाळी भावजय पाय धरायची. दुपारी पाय धरायला कुणी नसायचं.

त्या दिवशी दुपारी आईला खुर्चीतून खाटेवर ठेवून ताई सरळ झाली आणि तिच्या डाव्या खांद्यात कळ आली. आधी तिला वाटलं, आईचं डोकं टेकून आखडला असेल. ती बसून राहिली. कळ गेली नाही. खांदा हलवला तरी तेवढीच, न हलवला तरी तेवढीच. कळ जणू खांद्याची नव्हतीच, कुणीतरी आतून खालून वर पाठवत होतं. हात गार पडले.

“आई, माझा खांदा दुखतोय,” ती म्हणाली.

“आखडला असेल.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, खांदा दुखला तर लगेच या.”

आई खाटेवर उताणी होती. लुळ्या बाजूला उशी हवी होती ती लावायची राहिली होती. तिनं ताईकडे बघितलं, खूप वेळ बघितलं असं ताईला वाटलं. त्या नजरेत भीती होती. पण ती कुणासाठी होती ते सांगता आलं नसतं.

“आधी मला कुशीवर कर,” आई म्हणाली, “मग जा.”

एवढी वर्षं अशा वाक्यानंतर ताईचे हात आपोआप पुढे गेले होते. आताही ते थोडे पुढे गेले. मग तिनं ते मागे घेतले, पोटाशी धरले आणि उठून उभी राहिली. आईनं तिचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं घेतलं. ताईनं दार उघडं ठेवलं, शेजारणीला सांगितलं आईजवळ बसा आणि कुशीवर करा, आणि रस्त्याच्या कडेनं, भिंतीला हात लावत लावत रिक्षाच्या थांब्यापर्यंत गेली. रिक्षावाल्याला म्हणाली, सावकाश चल, खड्डे चुकव. त्यानं आरशातून बघत विचारलं, काय बाळंतपण का मावशी? आणि तिचा चेहरा बघून खड्डे चुकवत निघाला.

दवाखान्यात पोटावर गार जेल लावून सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या, ताई त्यांच्या चेहऱ्याकडे. थोडं नवं रक्त दिसतंय, थोडंच, त्या म्हणाल्या. आज ठेवून घेऊ. बघू. मग हात पुसत त्यांनी विचारलं, काय उचललंत?

“आईला,” ताई म्हणाली. “अर्धं. दुपारी पूर्ण.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

“घरी तुमच्याकडे कोण बघतं?” त्यांनी विचारलं.

ताईला वाटलं त्या घरकामाचं विचारताहेत. भावजय असते, भाऊ असतो, असं तिनं सांगितलं.

“तसं नाही. इथे आम्ही काही केलं नाही तरी कुणीतरी तुमच्याकडे बघत होतं. त्यानंच तुम्ही बऱ्या होत होता. घरी कोण बघतं?”

थोराड सिस्टर टेप घेऊन आली, पुन्हा तोच पट्टा, तोच तळवा, दुखतंय का, मघापेक्षा जास्त का कमी. भाऊ रात्रीपर्यंत तिला फोन करत राहिला. निघताना सांगायचं तरी होतंस, आईला एकटी टाकून गेलीस, शेजारीण काय म्हणाली असेल. यायला त्याला जमलं नाही, आईला उचलायला दोघंही हवे होते.

दुसऱ्या दिवशी रक्त वाढलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितले. ताई एकटीच संध्याकाळी घरी आली. आई खुर्चीत बसलेली होती, केस पिंजारलेले. ताई गेल्यापासून कुणी विंचरले नव्हते. आईनं तिच्याकडे बघून तोंड फिरवलं. भावजय ताटं मांडत होती. ताईचंही ताट मांडलं, आणि ताईनं कुठलं भांडं उचलू नये म्हणून पाण्याची गडवी अर्धी भरून तिच्यासमोर ठेवली. तिच्या मनात वाईट नव्हतं. रेघ बघून भरायची तिला सवय झाली होती.

भावानं जेवताना विचारलं, मग शेवटी काय निघालं?

थोडं रक्त होतं, ताईनं सांगितलं. वाढलं नाही. नुसतं बघितलं.

“बघ,” भाऊ भावजयीला म्हणाला. “मी म्हटलं नव्हतं? काही केलं नाही म्हणजे काही नव्हतंच. उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला.” आणि हायसं वाटून तो पुढच्या गोष्टीकडे वळला. उद्या त्याला गावाबाहेरच्या कामावर लवकर जायचं होतं. तेव्हा आईला नेहमीपेक्षा आधी उठवावं लागेल. ताई, तू अंधारातच तयार राहा, मी पाय धरतो, दोन मिनिटांचं काम.

आईनं ताईकडे तोंड वळवलं. चांगला हात खुर्चीच्या हातावरून थोडा उचलला. हे ती नकळत करायची, उचलायची वेळ आली की.

ताईनं घास संपवला. समोरची अर्धी गडवी तोंडाला लावून रिकामी केली आणि खाली ठेवली. मग ती बोलली. बोलताना आवाज मोठा केला नाही, आणि कुणा एकाकडे बघून बोलली नाही, त्यामुळे तिघांनाही ते आपल्यालाच म्हटल्यासारखं ऐकू आलं.

“आईचे केस मी विंचरीन, भरवीन, जवळ बसेन. तिला उचलणार नाही. अर्धंही नाही. आणि तीन महिने झाल्यावरही नाही.”